व्हीआर रिसर्चवाल्यांचा ऑनलाइन गट काढायचाय, पण बोलायचं कशावर?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात व्हीआरवर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणारं कॉम्प्युटरमधलं जग) पीएचडी चालू आहे, डिपार्टमेंटमध्ये हा विषय करणारं दुसरं कुणी नाही, गाइड मूळचे इमेज प्रोसेसिंगचे, म्हणून व्हीआरवर संशोधन करणाऱ्यांचा एक ऑनलाइन चर्चागट काढायचाय, तर कुणाकुणाला घ्यावं, चर्चेला विषय कुठले ठेवावेत, पैसे किती लागतील आणि असे गट दोन-तीन महिन्यांत थंड का पडतात.

थंड का पडतात तिथूनच सुरू करतो. गट निघाला की आधी नाव आणि लोगो यावर खल होतो, मग सगळे आपापली ओळख करून देतात, मग कुणीतरी नव्या हेडसेटची बातमी टाकतं, त्यावर अंगठे पडतात, मग एखादी कॉन्फरन्सची डेडलाइन, मग "युनिटी येणारा इंटर्न हवाय" (युनिटी म्हणजे व्हीआर बनवायचं सॉफ्टवेअर), मग दिवाळीच्या शुभेच्छा, की झालं, गेला गट. यात माणसं आळशी असतात असं काही नाही, तिथे जे मिळतं ते त्यांना बाहेर आधीच मिळालेलं असतं. बातम्या मोबाइलवर येतात, पेपर शोधले की सापडतात. जे कुठेच सापडत नाही ते म्हणजे प्रयोगाच्या खोलीत नेमकं काय झालं. पेपरात एक ओळ असते, दोन सहभागींना वगळण्यात आलं. का वगळलं, त्यांना मळमळलं का, हेडसेट नाकावरून घसरत होता का, का मधेच बाउंड्रीची, म्हणजे सुरक्षित जागेची हद्द दाखवणारी, जाळी डोळ्यासमोर उगवली आणि त्या बाई दचकून मागे सरल्या, हे लिहायला पेपरात जागा नसते आणि रिव्ह्यूअरला त्यात रसही नसतो. तुमचा गट त्या एका ओळीच्या मागे जे असतं त्यासाठी काढा.

मी स्वतः कारखान्यांसाठी व्हीआर ट्रेनिंग बनवतो, चाकण-रांजणगाव पट्ट्यात जास्त, ऑक्युलसचा डीके२ हेडसेट मिळायचा तेव्हापासून, आणि अधूनमधून कॉलेजच्या मुलांना प्रयोग लावायला मदत करतो. त्यामुळे खालचं सगळं खोलीतलं आहे, थिअरी कमी.

कुणाला घ्यायचं? फक्त कॉम्प्युटरवाल्यांना घेतलंत तर गट युनिटीच्या एरर सोडवायचं हेल्पलाइन होऊन बसेल, ते नको. व्हीआर हा मुळात एका डिपार्टमेंटचा विषय नाहीच. १९६८ साली आयव्हन सदरलँडने डोक्यावरचा डिस्प्ले दाखवला तो ग्राफिक्सचा माणूस, मळमळ मोजायची जी प्रश्नावली आपण सगळे वापरतो ती आली अमेरिकन नौदलाच्या फ्लाइट सिम्युलेटरमधून, आणि माणसाला "मी तिथेच आहे" असं का वाटतं यावर मानसशास्त्रवाले डोकं लावून बसलेत. पुण्यात हे सगळे एका रिक्षाच्या अंतरावर आहेत: पाषाणला विज्ञान संशोधनाची आयसर, कोथरूडला गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय, गिरीनगरला संरक्षण तंत्रज्ञानाचं डायट, कॉम्प्युटर संशोधनाच्या सी-डॅकचं मुख्यालय इथलंच, लष्कराचं मेडिकल कॉलेज एएफएमसी आहे, शिवाय मानसशास्त्राची डिपार्टमेंट, फिजिओथेरपीची कॉलेजं, डिझाइनची कॉलेजं. मी काही म्हणत नाही की तिथे प्रत्येक ठिकाणी व्हीआर चालू आहे, पण सुरुवातीच्या आठ-दहा जणांत निदान एक डोळ्यांचं समजणारा, एक प्रयोगांचं स्टॅटिस्टिक्स समजणारा आणि एक हार्डवेअर उघडून बसणारा हवाच.

का हवा त्याचं एक उदाहरण देतो. फोर्कलिफ्टचं एक सिम्युलेशन होतं, त्यात लोक पॅलेटपासून बरंच अलीकडे थांबायचे. डेव्हलपर पोरगा रात्र रात्र स्केल तपासत बसला, एक मीटर म्हणजे एकच मीटर आहे ना, काटे बरोबर लांबीचे आहेत ना. मॉडेल बरोबरच होतं. एका मानसशास्त्रवाल्या मॅडमनी ऐकलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की अहो, हेडसेटमध्ये माणसाला अंतर कमीच भासतं, हा जुना, भरपूर अभ्यासलेला प्रकार आहे. आणि खरंच, २०१३ साली अशा अभ्यासांचा आढावा घेणारा एक पेपर आला, त्यात लोकांनी सांगितलेलं अंतर सरासरी खऱ्याच्या ७४ टक्के निघालं होतं. नवीन हेडसेटमध्ये फरक कमी झालाय पण पूर्ण गेलेला नाही. आता हे त्या पोराला शोधूनही सापडलं नसतं कारण तो "युनिटी स्केल प्रॉब्लेम" शोधत होता. म्हणून म्हणतो, वेगवेगळ्या विषयांचे लोक घ्या, आणि आकडा लहान ठेवा. व्हॉट्सॲपवर हजार माणसं मावतात म्हणून हजार घ्यायची नसतात.

दोन प्रकारच्या लोकांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. एक, विक्रेते. हेडसेट विकणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर आला तर डोक्यावर घ्या, सेल्सवाला आला तर नम्रपणे नाही म्हणा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ब्रोशर येतं. दोन, गाइड मंडळी. हे वाचून काही जण रागावतील पण सर गटात असले की विद्यार्थी "माझा प्रयोग फसतोय" असं लिहीत नाही, तो "काम प्रगतिपथावर आहे" लिहितो. पहिले सहा महिने विद्यार्थी, पोस्टडॉक आणि प्रत्यक्ष हेडसेट हाताळणारे एवढेच ठेवा, सरांना महिन्याकाठच्या एखाद्या चर्चेला पाहुणे म्हणून बोलवा, ते खूश आणि तुम्हीही मोकळे.

आता मुख्य, बोलायचं कशावर. तुम्ही विषयांची यादी मागितलीय, पण मी यादी देत नाही. प्रत्येक बैठकीला एका माणसाने स्वतःच्या एका सेशनचं स्क्रीन रेकॉर्डिंग आणायचं, सहभागीला आत काय दिसत होतं ते, आणि ते सगळ्यांनी मिळून बघायचं. बस. यातून इतकं निघतं की विषय शोधावे लागत नाहीत. काय काय निघतं ते सांगतो.

सगळ्यात आधी मळमळ. एसएसक्यू नावाची प्रश्नावली १९९३ ची, केनेडी आणि मंडळींची, १६ लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, त्यातून मळमळ, डोळ्यांचा ताण आणि गरगरणं असे तीन उपगट. ती ज्यांच्या आकड्यांवर बनली ते होते नौदलाचे पायलट, धडधाकट, झोप झालेले, सिम्युलेटरमध्ये बसायच्या आधी ज्यांना काहीच होत नसायचं असे. आपली सहभागी हडपसरहून कोथरूडला टू-व्हीलरवर दीड तास ट्रॅफिक खात आलेली असते, एप्रिल महिना, लॅबचा एसी बंद, त्यात तिचा चतुर्थीचा उपास. तिला घाम आलाय, डोकं जड आहे, थकवा आहे, डोळे चुरचुरतायत, म्हणजे हेडसेट डोक्यावर चढायच्या आधीच निम्मे गुण भरले. मग लोक म्हणतात आधीही प्रश्नावली भरून घेऊ आणि वजा करू. ठीक, पण आधी भरून घेतली की नंतर लोक जास्त लक्षणं सांगतात असं २००७ च्या एका अभ्यासात दिसलेलं आहे, कारण तुम्ही त्यांना आधीच सुचवलंत की मळमळणार आहे म्हणून. यावर एकच एक बरोबर उत्तर नाही. माझी पद्धत सांगतो: आल्यावर वीस मिनिटं पंख्याखाली बसवायचं, पाणी द्यायचं, जेवलीस का, झोप झाली का हे साध्या गप्पांत विचारून लिहून ठेवायचं, आणि सेशन चालू असताना दर मिनिटाला फक्त एक आकडा तोंडी विचारायचा, शून्य ते वीस, किती मळमळतंय. ही एफएमएस नावाची पट्टी आहे, २०११ ची, आणि तिचा खरा फायदा हा की त्रास कुठल्या क्षणी सुरू झाला ते कळतं, शेवटी भरलेल्या कागदावरून ते कळत नाही. रेकॉर्डिंगसोबत हा आकडा लावला की दिसतं, जिन्यावरून उतरताना तीनचा नऊ झाला. मग चर्चा जिन्यावर होते, "व्हीआर सिकनेस" या हवेतल्या शब्दावर होत नाही.

जाता जाता एसएसक्यूचा हिशोब. एकूण स्कोअर काढताना तिन्ही उपगटांची कच्ची बेरीज घेऊन ३.७४ ने गुणायचं असतं. बरीच मुलं ९.५४, ७.५८ आणि १३.९२ ने आधीच गुणलेले उपगटांचे आकडे घेऊन त्याला परत ३.७४ लावतात आणि मग स्कोअर सातशे-आठशे येतो. जास्तीत जास्त एकूण स्कोअर २३५.६२ असू शकतो, त्याच्या वर काही दिसलं की हिशोब चुकलाय. छापलेल्या पेपरांत पण हे बघितलंय. गटाने एक्सेलची एकच तपासलेली शीट करून ठेवली तरी पुष्कळ काम झालं. आणि मराठीत विचारायचं तर सगळ्यांनी मिळून एकच मराठी प्रत नीट तपासून घ्या, प्रत्येक लॅबने आपापली केली की आकड्यांची तुलनाच होणार नाही.

दुसरी गोष्ट हेडसेट डोक्यावर बसणं, यावर पेपरांत फारसं कुणी लिहीत नाही आणि आपल्याकडे तर हा निम्मा खेळ आहे. मेटाच्या क्वेस्ट २ हेडसेटला दोन भिंगांमधलं अंतर तीनच खाचांवर बसतं, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. एखादीच्या डोळ्यांतलं अंतर ५५ असेल तर ती अख्खा वेळ जरा चुकीच्या जागेवरून बघत असते. बायकांना व्हीआरचा त्रास जास्त होतो असं सरसकट म्हटलं जायचं, २०२० मध्ये स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यातला मोठा वाटा या न जुळणाऱ्या भिंगांचा आहे. म्हणजे तुम्ही निष्कर्षात "स्त्री-पुरुष फरक" लिहिणार आणि प्रत्यक्षात तो खाचेचा फरक असणार. साधी पट्टी किंवा मोबाइलवरचं ॲप घेऊन मोजा, खाच कुठली लावली ते लिहा. मग अंबाडा. मागचा पट्टा अंबाड्यावर चढला की हेडसेट पुढून खाली येतो आणि दृश्य धूसर होतं, सहभागी काही बोलत नाही कारण तिला वाटतं हे असंच दिसत असेल. वेणी पुढे घ्यायला सांगा, गजरा असेल तर काढून ठेवायला एक वाटी ठेवा. टिकली फोमला चिकटते, पुढच्या माणसाच्या कपाळाला लागते. डोक्याला तेल असेल तर पट्टा सरकतो आणि भिंगांना बोटं लागली की तेलकट डाग. चष्मा असेल तर स्पेसर (चष्म्यासाठी जागा करणारी कड) बसवा नाहीतर भिंगावर ओरखडा, आणि तो ओरखडा पुढे कधीच जात नाही. सिलिकॉनचं कव्हर वापरा. क्वेस्ट २ च्या मूळ फोममुळे काहींच्या त्वचेला त्रास झाला म्हणून २०२१ मध्ये कंपनीने तो परत मागवून सिलिकॉनची कव्हरं दिली होती, तेव्हा हा लाड नाही, गरज आहे.

तिसरं फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवली जातात ते. कुणीही विचारलं की मुलं सांगतात, सर सरासरी ७१ येतोय, म्हणजे ओकेच आहे. सरासरी बघूच नका. ७२ हर्ट्झला एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१, आणि माणूस मान फिरवतो नेमक्या त्या क्षणी सावल्यांचा भार येऊन चार-पाच फ्रेम सुटल्या तर सरासरीत ते दिसणारच नाही पण त्याच्या पोटाला कळतं. प्रत्येक फ्रेमचा वेळ फाइलमध्ये लिहा. आणि हे जोडून बघा: स्वतंत्र चालणारा हेडसेट म्हणजे मोबाइलची चिप डोक्याला बांधलेली, ती तापली की स्वतःहून वेग कमी करते. मे महिन्यात सकाळी दहाचा पहिला सहभागी आणि दुपारी दोनचा पाचवा सहभागी यांना एकच ॲप वेगवेगळं चालू शकतं. आता तुमच्या प्रयोगातला अ गट सकाळी आणि ब गट दुपारी झाला असेल तर बसा रडत. दोन सेशनमध्ये हेडसेट बंद करून थंड होऊ द्या, गटांची सरमिसळ करा, खोलीचं तापमान लिहा. दहा रुपयांचं काम आहे पण करत कुणी नाही.

ऑटो अपडेट बंद ठेवायचं हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. प्रयोगाच्या मध्यात सिस्टीम बदलली की ट्रॅकिंग (डोकं-हात कुठे आहेत ते ओळखणं) बदलू शकतं, बाउंड्रीचं वागणं बदलू शकतं, मग आधीचे पंधरा आणि नंतरचे पंधरा हे दोन वेगळे प्रयोग. आणि ट्रॅकिंगवर डोळे मिटून विश्वास नको. एचटीसी व्हाइव्हबद्दल २०१७ चा एक छान अभ्यास आहे, त्यात दिसलं की क्षणभर ट्रॅकिंग तुटून परत जुळलं की हेडसेटच्या लेखी जमीनच जरा तिरकी झालेली असते. उभं राहून तोल मोजणाऱ्या फिजिओवाल्यांसाठी हे केवढं महत्त्वाचं आहे बघा, आणि त्यांना हे कोण सांगणार, गटातला हार्डवेअरवालाच ना.

तर या सगळ्यातून प्रत्येक सेशनचं एक पानाचं पत्रक तयार होतं आणि माझ्या मते गटाने सुरुवातीला करायचं एकमेव सामाईक काम ते आहे. हेडसेटचं मॉडेल आणि सॉफ्टवेअर व्हर्जन, रिफ्रेश रेट, भिंगांची खाच, बसून की उभं राहून, खोलीचं तापमान, किती वाजता, झोप-जेवण, चष्मा, आधी व्हीआर कधी वापरलंय का, किती मिनिटांनी सोडलं आणि का सोडलं, आणि खाली चार ओळी मोकळ्या हाताने. सगळ्यांनी एकच पत्रक वापरलं की पुढची गंमत सुरू होते. प्रत्येक लॅबची तक्रार एकच असते, सहभागी मिळत नाहीत, मिळतात ते सगळे बीटेकचे वीस वर्षांचे, गेम खेळणारे मुलगे. तीन लॅबनी तोच सीन, तेच पत्रक, तोच क्रम ठेवून बारा-बारा लोक केले तर छत्तीस होतात, आणि एका लॅबकडे इंजिनिअरिंगची मुलं, दुसरीकडे नर्सिंगच्या मुली, तिसरीकडे कारखान्यातले ऑपरेटर असले तर निष्कर्षाला खरंच काही वजन येतं. एकट्या पीएचडीवाल्याला हे जन्मात जमणार नाही.

हेडसेट फार लवकर मरतात हे पण या पत्रकाचं एक कारण आहे. गूगलचं डेड्रीम २०१९ ला गेलं, ऑक्युलस गो २०२० ला, विंडोज मिक्स्ड रिॲलिटी मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या विंडोज ११ अपडेटमधून काढूनच टाकलं, होलोलेन्स २ चं उत्पादन त्याच वर्षी थांबलं. पीएचडी चार-पाच वर्षं चालते, यंत्र तेवढं टिकत नाही. सीन ओपनएक्सआर या खुल्या मानकावर बांधा, म्हणजे उद्या दुसऱ्या हेडसेटवर नेता येईल, आणि जुन्या यंत्रावर नेमकं काय होतं ते कागदावर असू द्या.

"माझी आयडिया कुणी उचलली तर" ही भीती प्रत्येक गटात असते, उघडपणे कुणी बोलत नाही इतकंच. उपाय सोपा आहे, रिसर्च क्वेश्चनवर चर्चा करायची सक्ती नको, सेशनवर करा. अंबाडा आणि फ्रेम रेट कुणी चोरत नाही. आणि आयडियावर बोलायचंच असेल तर आधी ओएसएफ या संशोधन नोंदवायच्या साइटवर प्री-रजिस्टर करा, तारीख पडते, मग खुशाल बोला. पुण्यात आणखी एक त्रास असतो तो म्हणजे "हे तर आधीच झालंय" असं म्हणणारी मंडळी. नियमच करा, असं म्हणायचं असेल तर पेपरचं नाव द्यायचं, नसेल तर गप्प बसायचं. निम्मी तोंडं तिथेच बंद होतात.

आता जिथे मी जरा कडक आहे तो भाग, सहभागींचा डेटा. रेकॉर्डिंग दाखवा म्हटलं म्हणजे आतलं दृश्य दाखवा, माणसाचा चेहरा किंवा आवाज नको, आणि त्यासाठीही संमतीपत्रात तसं आधी लिहिलेलं हवं. डोकं आणि हातांच्या हालचालीची कच्ची फाइल तर गटात अजिबात टाकू नका. मुलांना वाटतं नाव काढलं की झालं अनामिक. २०२० साली स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात ५११ लोकांपैकी नेमका कोण हे फक्त हालचालीवरून ९५ टक्के वेळा ओळखता आलं, तेही प्रत्येकाची पाच मिनिटांपेक्षा कमी फाइल वापरून, आणि २०२३ मध्ये एका गेमच्या ५५ हजारांहून जास्त खेळाडूंमधून माणूस ओळखायला शंभर सेकंदांची हालचाल दिली तर ९४ टक्के वेळा बरोबर निघाला. म्हणजे तुमची सीएसव्ही फाइल ही बोटाच्या ठशासारखी आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, तब्येतीशी संबंधित काम असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत एथिक्स कमिटीच नसते, मग मुलं परवानगीशिवाय प्रयोग उरकतात आणि जर्नल विचारतं तेव्हा धावाधाव. इथे गटाचा उपयोग होतो, ज्याच्याकडे कमिटी आहे त्या संस्थेसोबत मिळून प्रस्ताव टाका. फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना घेऊ नका, ते तर संमतीपत्राच्या आधीच विचारायचं.

आणि सेशन संपल्यावर लगेच सहभागीला पार्किंगकडे जाऊ देऊ नका. हे परदेशी पेपरांत फारसं नसतं, पण आपल्याकडे सगळे टू-व्हीलरवर येतात. व्हीआरनंतर काही जणांचा तोल, नजर थोडा वेळ जागेवर नसते, त्यांना स्वतःला ते जाणवतंच असं नाही. चहा पाजा, अर्धा तास बसवा, एका पायावर उभं राहून दाखव म्हणा, मगच गाडीची किल्ली. मी तर किल्ली आणि हेल्मेट सुरुवातीलाच टेबलावर ठेवून घेतो. ज्याला जास्त त्रास झालाय त्याला रिक्षा करून द्या, पैसे प्रयोगाच्या खर्चात धरा. आणि तोच माणूस प्रयोगाच्या दुसऱ्या कंडिशनला लागणार असेल तर त्याच दिवशी नको, निदान एक दिवस मधे जाऊ द्या.

बैठका व्हीआरमध्येच घ्यायच्या का, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच, प्रत्येकाच्या असतो. माझं मत विचाराल तर घेऊ नका. आयट्रिपलई व्हीआर ही या क्षेत्रातली मोठी परिषद २०२० ला कोविडमुळे ऑनलाइन करावी लागली तेव्हा त्यांनी मोझिला हब्ज ही व्हीआरमधल्या बैठकांची सेवा वापरली, बघायला मजा होती, पण मोझिलाने ती सेवा ३१ मे २०२४ ला बंद केली, आणि मुळात हेडसेट घालून नोट्स काढता येत नाहीत, एक्सेलची शीट नीट वाचता येत नाही, गटातल्या निम्म्यांकडे घरी हेडसेट नसतो आणि असतो त्यांचा चार्ज नसतो. साधा व्हिडिओ कॉल करा, तासाच्या आत संपवा, आणि गुरुवार टाळा कारण दुरुस्तीसाठी लाइट नेमकी तेव्हाच जाते. मराठी-इंग्रजी मिसळून बोला, भाषेवरून कुणाला अडवू नका, कारखान्यातला ट्रेनर इंग्रजीत बोलायला सांगितलं की गप्प होतो आणि खरी माहिती त्याच्याकडेच असते. तीन-चार महिन्यांतून एकदा मात्र प्रत्यक्ष भेटा, सगळ्यांनी आपापले हेडसेट आणा, एकमेकांचे सीन घालून बघा. स्वतः घातल्याशिवाय दुसऱ्याच्या सीनबद्दल मत देणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका.

पैशाचं विचारलंय, तर गटाला पैसे लागत नाहीत, लागतो तो हेडसेट उसना देण्या-घेण्याचा शिस्तशीरपणा. एका लॅबकडे व्हाइव्ह पडून असतो, दुसरीला पंधरा दिवसांसाठी हवा असतो, आणि कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरमुळे तो हलत नाही. विभागप्रमुखांच्या सहीने तात्पुरत्या वापराचं साधं पत्र चालतं, बऱ्याच ठिकाणी चालवून घेतात. देताना आपलं अकाउंट काढून, फॅक्टरी रीसेट करून द्या, नाहीतर तुमच्या सहभागींच्या फाइली त्याच्यासोबत जातील. चार्जर, कंट्रोलरच्या पट्ट्या, स्पेसर यांचा फोटो काढून पाठवा. आणि परत घेताना आधी भिंगं बघा, कुणीतरी हेडसेट खिडकीत भिंगं वर करून ठेवलेला असतो, ऊन भिंगातून आत जाऊन स्क्रीनवर पिवळा ठिपका पाडतं आणि तो ठिपका मग प्रत्येक सीनमध्ये दिसतो, कुठलंही रीसेट मारलं तरी.